गच्चीवर नेट पळतं, बैठकीत रडतं

प्रश्न: आम्ही रावेर तालुक्यात गावाबाहेर मळ्यात राहतो, चारही बाजूंनी केळी. फायबरवाला म्हणे तुमच्यापर्यंत वायर येत नाही, म्हणून फोर-जीचा सिमवाला राऊटर घेतला. गच्चीवर त्याच कंपनीच्या मोबाईलला ३० एमबीपीएस येतो, खाली बैठकीत राऊटरवर ३ पण नाही. पोरगा पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करतो, मीटिंगमध्ये नुसता अडकतो. दुकानदार म्हणे फाइव्ह-जीचा घ्या. घेऊ का?

उत्तर: थांबा भाऊ, पैसे खिशातच राहू द्या. वर ३० अन् खाली ३ म्हणजे टॉवरचं काही बिघडलेलं नाही, राऊटरची जागा चुकलीय. टीव्हीशेजारी तो शोभून दिसतो हो, पण केळीचं पान म्हणजे निव्वळ पाणी, ते सिग्नल खातं, वर भिंती आणि स्लॅब. त्यात सिग्नलच्या लहरींचे वेगवेगळे पट्टे असतात, त्यांना बँड म्हणतात; २३०० मेगाहर्ट्झवाला (‘बँड ४०’) पळतो जोरात पण आडोसा आला की लवकर दमतो, ८५० किंवा ९०० वाला लांबून आत शिरतो पण त्याचा स्पीड बेताचा. फाइव्ह-जीचा ३३०० च्या वरचा बँड तर त्याहून नाजूक, आणि फाइव्ह-जीवाल्या मोबाईलला गच्चीवरसुद्धा फाइव्ह-जी दिसत नसेल तर तो राऊटर काय करणार?

राऊटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी नावाचा, सिग्नलचा जोर सांगणारा आकडा असतो, तो बघा. उणे ८०-९० म्हणजे मस्त, उणे ११० च्या खाली गेला की रडगाणं. आता राऊटर उचला, वरच्या मजल्यावर टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा, पाच मिनिटं थांबा, आकडा लिहून घ्या, मग दुसरी खिडकी. उघड्या गच्चीवर मात्र नको, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तिथं माणूस टिकत नाही तर राऊटर काय टिकणार.

चांगली जागा सापडली की तिथून लॅनची वायर खाली आणा, १०० मीटरपर्यंत काही अडचण नाही, आणि पोराच्या लॅपटॉपला ती सरळ जोडा.

एवढं करूनही फक्त रात्री ८-९ लाच अडकत असेल आणि पहाटे पळत असेल तर टॉवरवर गर्दी आहे, मग दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून बघा. आणि हो, रोज दीड जीबीवालं सिम तर नाही ना टाकलं? तेवढ्यात मीटिंगा भागत नाहीत, दुपारीच संपतं.

लाइट जाते त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, फक्त आधी राऊटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना ते वाचा, काही ५ चे पण असतात.