स्पीकर शेवटी घ्या, गुरुजी

वाचकांचे प्रश्न : घरातली यंत्रं
(उत्तरं देणारे बेळगावात, शहापूरला, रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान चालवतात.)

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. खानापूर तालुक्यात आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. पुढे सोपा, मग माजघर, बाजूला देवघर, मागे स्वयंपाकघर. यंदा वर एक खोली वाढवली. खालचा जुना गिलावा काढलाय, नवा दिवाळीनंतर होईल. पुण्यातला मुलगा म्हणतो, पाचही खोल्यांत वायफायचे स्पीकर लावू, मोबाईलवरून घरभर एकच गाणं. पन्नास हजारांपर्यंत घालायची त्याची तयारी आहे. मला सकाळी घरभर अभंग आणि स्वयंपाकघरात सांगली-धारवाडचा रेडिओ मिळाला की झालं. काका, कुठल्या कंपनीचे घ्यावेत?

उत्तर : गुरुजी, नमस्कार. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर 'गिलावा काढलाय' हे दोन शब्द. माझ्याकडे लोक येतात ते रंग सुकल्यावर. मग वायर पट्टीतून भिंतीवरून न्यावी लागते आणि घरातल्या बाईमाणसांची बोलणी मला खावी लागतात. तुमच्या भिंती आत्ता उघड्या आहेत, तेव्हा कंपनीचं नंतर बघू.

आधी माझी फजिती सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी मीही हौसेनं एक ब्लूटूथचा स्पीकर स्वयंपाकघरात ठेवला आणि एक वायफायचा, दुसऱ्याच कंपनीचा, सोप्यात. एकादशी होती. दोन्हीकडे एकच हरिपाठ लावला. सोप्यातला 'विठ्ठल' संपेपर्यंत स्वयंपाकघरातला सुरू होत होता. बायको कढई उतरवून बाहेर आली आणि म्हणाली, "एका घरात दोन विठ्ठल कशाला ओ? एकाला तरी गप्प करा की." रेडिओ दुरुस्त करण्यात निम्मा जन्म गेलेल्या माणसानं हे ऐकून घेतलं, कारण तिचंच बरोबर होतं.

घडतं ते असं. प्रत्येक यंत्र आवाज आधी थोडा साठवून घेतं, मग सोडतं. ब्लूटूथला साधारण १०० ते २०० मिलिसेकंद लागतात, वायफायच्या स्पीकरला काही वेळा पुरता सेकंद आणि वरही. दोन आवाजांतलं अंतर ३०-४० मिलिसेकंदांच्या आत असलं तर कान ते एक समजतो, त्यापुढे गेलं की प्रतिध्वनी. त्यातले काही हवाच खाते, कारण आवाजाला दहा मीटर जायला २९ मिलिसेकंद लागतात. म्हणून निरनिराळ्या कंपन्यांचे पाच स्पीकर म्हणजे पाच भटजी पाच ठिकाणी बसून एकच पोथी वाचणार. एकाच पद्धतीचे घेतले तर ते आपसांत घड्याळ जुळवतात. मल्टिरूम म्हणायचं ते ह्याला, आणि जास्तीचे पैसे जातात तेही ह्यासाठीच.

पण घड्याळ जुळवायला त्यांना एकमेकांचं ऐकू यायला पाहिजे, आणि तुमची भिंत चिऱ्याची. दीड फुटाची असणार. वायफायच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीला घाबरणारी. २.४ची हळू, पण जरा पलीकडे पोचणारी. तुमच्याकडे राउटर सोप्यात असणार, स्वयंपाकघर दोन भिंतींपलीकडे. त्यात जांभा दगड पावसाळ्यात पाणी पितो, आणि ओली भिंत रेंज आणखी खाते. मे महिन्यात झकास वाजलेली यंत्रणा जुलैत अडखळते, मग लोक स्पीकर उचलून दुकानात आणतात. स्पीकरला काही झालेलं नसतं.

मुलगा आला की त्याला मोबाईलवर वायफाय मोजायचं ॲप टाकायला सांगा आणि दारं लावून प्रत्येक खोलीत उभं करा. आकडा वजामध्ये येतो. उणे ६७ किंवा त्याहून बरा, म्हणजे उणे ६०, ५०, असेल तर चालेल. उणे ७५च्या खाली गेला तर त्या खोलीत वायफायचा स्पीकर ठेवणं म्हणजे पैसे विहिरीत. इंटरनेटचा वेग वाढवून हे सुटत नाही हेही त्याला सांगा. सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला १.४ मेगाबिट खातं. पाच खोल्यांचं धरलं तरी सातच्या आसपास. अडचण नळाला पाणी येण्याची नाही, ते खोल्यांत पोचण्याची आहे.

म्हणून माझं मत : वायर ओढा. जिन्याखाली एक जागा ठरवा आणि तिथून प्रत्येक खोलीत इंचाचा पाईप न्या. त्यात दोन वायरी, एक कॅट-६ची लॅन केबल आणि एक दोन तारांची, १.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची स्पीकर वायर. तांबं खरं आहे का बघायला टोक खरवडा. आत पांढरं निघालं तर अ‍ॅल्युमिनियमवर मुलामा दिलाय, परत करा. स्वयंपाकघर जिन्यापासून १५ मीटर धरलं तर जाऊन-येऊन ३० मीटर तार होते, तिचा अडथळा ०.३५ ओहमच्या आत. ८ ओहमच्या स्पीकरला पाच टक्क्यांपर्यंत चालतो, तेव्हा बसतंय. लाईटच्या वायरीपासून फूटभर लांब राहा, ओलांडायचं झालं तर काटकोनात ओलांडा. आणि गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढा. आमच्या घराचे काढले नव्हते. वायरमन "आयतु सार" (झालं साहेब) म्हणून निघून गेला, दोन वर्षांनी फोटोफ्रेमसाठी खिळा ठोकला तो नेमका पाईपात.

आता जिन्याखाली प्रत्येक खोलीला वेगळी वाहिनी आणि वेगळं बटण असलेला एक अ‍ॅम्प्लिफायर बसवा. खाली चार खोल्या, चार साधे स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायरला एक वायफायचा रिसीव्हर, म्हणजे मोबाईलवरचं गाणं पकडणारा डबा, जोडा आणि दुसऱ्या खाचेत तुमचा रेडिओ. मुलाला मोबाईल, तुम्हाला बटण. तारेवरचा आवाज कुठल्याच खोलीत मागे राहत नाही, त्यामुळे विठ्ठल एकच. जोडणी मोनो ठेवा, म्हणजे सगळ्या खोल्यांना तोच पुरा आवाज. स्टिरिओ केलात तर डावी बाजू देवघरात आणि उजवी स्वयंपाकघरात जाईल, आणि वहिनींना सकाळभर नुसता तबला ऐकू येईल. वरची खोली मुलाची. तिथे खुशाल वायफायचा स्पीकर ठेवा, फक्त तो खालच्या रिसीव्हरच्याच पद्धतीचा हवा, म्हणजे दोघांचा गट करता येतो.

एक चूक करू नका, ती मी केली आहे. एका कार्यालयात घाई होती म्हणून ८ ओहमचे चार स्पीकर एकाच वाहिनीवर समांतर जोडले. ८ चे झाले २. अ‍ॅम्प्लिफायरला वाटलं पुढे जवळजवळ शॉर्टच आहे. अक्षता पडायच्या आत जळका वास सुटला आणि मंगलाष्टकं भटजींना साध्या गळ्यानं म्हणावी लागली. बरी झाली म्हणतात, पण बिल मी भरलं.

रेडिओचं म्हणाल तर सांगली आणि धारवाड मध्यम लहरीवर. रेडिओ खिडकीपाशी ठेवा. इन्व्हर्टर, एलईडी दिवा आणि राउटर शेजारी आले की भुंगा सुरू होतो. आकाशवाणीची बरीच केंद्रं मोबाईलवरच्या न्यूजऑनएअर ॲपवरही मिळतात. पण सहाच्या बातम्यांना मोबाईल शोधण्यापेक्षा बटण फिरवलेलं बरं.

आता कंपनी. आधी घरात कुणाकडे कुठला फोन आहे ते बघा. एअरप्ले-२ ही ॲपलची घरभर गाणं पाठवायची पद्धत, तिला ॲपलचा फोन लागतो. तुमच्याकडे अँड्रॉइड आणि मुलाकडे आयफोन असेल तर दोन्ही चालणारा रिसीव्हर घ्या. बोलून चालवायच्या स्पीकरवर जास्त पैसे घालू नका. अलेक्साला इंग्रजी कळतं, हिंदी कळतं. "अगं, ते कालचं लाव की" हे कळायला बेळगावात जन्मावं लागतं.

आणि नुसत्या ॲपच्या जिवावर चालणाऱ्या वस्तूला जपून. गूगलनं २०१५ला क्रोमकास्ट ऑडिओ नावाची छोटी चकती काढली. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली की तो मल्टिरूम व्हायचा. फार गुणी वस्तू. २०१९च्या जानेवारीत बंद केली. पुढे २०२५च्या मार्चमध्ये कंपनीकडच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या चकत्या काही दिवस मुक्या झाल्या. सोनोस ह्या धंद्यातलं जुनं नाव, पण त्यांनीही मे २०२४ला नवं ॲप आणलं आणि आधी असलेल्या सोयी गेल्या म्हणून गिऱ्हाईक खवळलं. उलट लॉजिटेकनं स्क्वीझबॉक्स हा घरभर गाणी वाजवणारा डबा २०१२ला बंद केला तरी तो अजून वाजतो, कारण त्याचं सॉफ्टवेअर खुलं होतं. आता लोक ते लिरियन नावानं चालवतात, रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावरसुद्धा. माझ्या भाच्यानं मला बसवून दिलंय. म्हणून माझी अट एकच, जे घ्याल त्याला मागे साध्या वायरीची खाच पाहिजे. उद्या ॲप मेलं तरी स्पीकर राहतो.

मुलगा मेश राउटर आणेल, म्हणजे खोलीखोलीत ठेवून रेंज पुढे पोचवणारे डबे. फायबरवाल्याचा डबा आणि मेश दोघेही राउटर म्हणून बसले की घरात दोन वाड्या होतात. फोन एका वाडीत, स्पीकर दुसऱ्या, आणि ॲप म्हणतं स्पीकर सापडत नाही. मेशला 'ॲक्सेस पॉइंट'वर, म्हणजे नुसतं रेंज देण्याच्या कामावर, टाका, वाद मिटतो. राउटर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की जिन्याखालचे प्लग काढायचे. एवढं तांबं भिंतीत घातल्यावर आळस परवडत नाही.

स्पीकर घेताना शंकूच्या कडेला बोट लावून बघा. फोमची किनार आपल्या दमट हवेत दहा-बारा वर्षांत भुगा होते, रबराची टिकते. माझ्या दुकानात किनार बदलायला येणारे बहुतेक फोमचेच.

प्रश्न : निपाणीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोन खोल्या. भिंतीला हात लावायचा नाही अशी मालकांची अट. काय घेऊ?

उत्तर : एकाच कंपनीचे, एकाच पद्धतीचे दोन वायफाय स्पीकर. विटांच्या पातळ भिंती असतील तर राउटर दोन खोल्यांच्या मधल्या दाराशी ठेवलात की पुरे. गाणं एका वेळी एकाच खोलीत लागत असेल तर एक ब्लूटूथचा घ्या, हातात धरून आत-बाहेर करा आणि उरलेल्या पैशांत जेवायला जा.

प्रश्न : वडगावला घरामागच्या शेडमध्ये आमचे सहा यंत्रमाग आहेत. घरात आणि शेडमध्ये एकच गाणं लावायचंय. शेडला केवढा मोठा स्पीकर लागेल?

उत्तर : लागू नये असं म्हणतो. चालू मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. गाणं समजायचं तर ते त्याच्याही वर न्यावं लागेल, म्हणजे शंभराकडे. कानाला आठ तासांना ८५ डेसिबल सोसतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. शंभरला पंधरा मिनिटं. तुमचे कामगार दिवसभर तिथे उभे. माझ्याकडे येणारे जुने विणकर रेडिओचं बटण शेवटपर्यंत फिरवून म्हणतात, "आवाजच नाही येत ओ ह्याला." रेडिओ ठीक असतो.

घरात लावा, मधल्या सुट्टीत माग बंद झाले की शेडचं दार उघडा. तोवर कामगारांना कानात घालायचे बोळे आणून द्या.