‘नॉर्मल’ कुठून आणलंस?

प्रिय,

तुझी एक्सेल फाइल रात्री दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली. हिरडी-गालाच्या कॅन्सरचे २४ पेशंट, आणि त्यातल्या ११ जणांत टीपी५३ मध्ये, म्हणजे अशा गाठींत बहुतेकदा बिघडलेल्या जनुकात, काहीच बदल नाही. गाइड म्हणतात नवा उपप्रकार हाती लागलाय, पेपर लिहायला घे. तुला झोप नाही. कॉलर (डीएनएतले बदल शोधणारं सॉफ्टवेअर) बदलू का, विश्लेषणाची पाइपलाइन पहिल्यापासून चालवू का, की हा विषयच सोडू, असं विचारलंयस. एवढ्या लांबलचक मेलमध्ये एक गोष्ट मात्र कुठेच नाही. तुझं नॉर्मल, म्हणजे गाठीशी ताडून पाहायचं त्याच पेशंटचं निरोगी सॅम्पल, कुठून आलं?

शेवटच्या शीटच्या कोपऱ्यात सापडलं ते. १३ जणांचं रक्त आहे. उरलेल्या ११ जणांच्या पुढे लिहिलंय ‘ॲडजेसंट म्युकोसा’, म्हणजे गाठीच्या शेजारचीच, दिसायला बरी असलेली तोंडातली त्वचा. आणि रक्त नसलेले ११ आणि टीपी५३ चा बदल नसलेले ११ या दोन याद्या शेजारी ठेवून बघ. नऊ जण तेच आहेत. हे तुझ्या नजरेतून सुटलं याचा राग नाही आला. सही करणाऱ्या चौघांपैकी एकानेही विचारलं नाही, याचा आला.

१९५३ साली स्लॉटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ७८३ पेशंटचे तोंडाचे कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि सांगितलं की गाठीभोवतीची त्वचाही बिघडलेली असते. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. तण बांधाशी दिसलं तरी बी सगळ्या वावरात पडलेलं असतं. टीपी५३ मोडलेली एक पेशी वाढते, तिची प्रजा गालभर पसरते, वरून सगळं गुलाबी आणि मऊ. गाठ त्याच प्रजेतून उठते, म्हणजे गाठीत तोच बदल आणि शेजारीही तोच. तू गाठीतून शेजार वजा केलास. दोन्हीकडे आहे ते जन्मजात असणार, असं समजून सॉफ्टवेअरने ते गाळून टाकलं. सॉफ्टवेअरचं काही चुकलं नाही, कारण नॉर्मल म्हणून तू जे दिलंस त्यावर त्याने विश्वास ठेवला.

जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी १९९५ मध्ये हेच वेगळ्या बाजूने दाखवलं. २५ पेशंट, गाठ काढताना कापलेल्या सगळ्यांच्या कडा पॅथॉलॉजिस्टच्या नजरेत स्वच्छ. त्यातल्या १३ जणांच्या कडांत गाठीतलाच पी५३ चा, म्हणजे त्याच टीपी५३ चा, बदल सापडला, आणि त्या १३ पैकी पाच जणांचा कॅन्सर तिथेच परत आला. बाकीच्या १२ जणांत एकाचाही नाही. ‘दिसायला बरी’ या दोन शब्दांवर तुझा उपप्रकार उभा आहे, बाबा.

मला हे पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. एक बाई होत्या, पन्नाशीच्या. सकाळी मशेरी, दिवसभर तंबाखूची गोळी डाव्या गालफडात. उजव्या हाताची तर्जनी टोकाला काळपट तपकिरी झालेली. खालच्या हिरडीच्या मागच्या बाजूला गाठ. नॉर्मल म्हणून मी दोन सेंटीमीटर पुढचा तुकडा घेतला, कारण रक्ताची नळी फ्रीजरमध्ये कुणीतरी भलत्याच रॅकमध्ये ठेवली होती आणि मला घाई होती. अहवालात लिहिलं, टीपी५३ मध्ये बदल नाही. चौदा महिन्यांनी बाई परत आल्या. नवी गाठ बरोबर त्या जागी, जिथून मी ‘नॉर्मल’ उचललं होतं. मग मी जुना डेटा आयजीव्हीत, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे डोळ्यांनी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडला. टीपी५३ च्या २४८ व्या कोडॉनवर (जनुकातल्या तीन अक्षरांच्या एका शब्दावर) गाठीत बदल स्पष्ट, आणि ‘नॉर्मल’मध्ये शंभरातल्या अठरा रीड्समध्ये, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांत, तोच. जन्मजात असता तर निम्म्याच्या आसपास दिसला असता. अठरा म्हणजे पसरलेली प्रजा. तो बदल सगळा वेळ फाइलमध्ये पडून होता, मी उघडून बघितलं नव्हतं एवढंच.

ते संशोधनाचं सॅम्पल होतं, उपचार त्यावर ठरणार नव्हते, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरंही आहे ते. तरी त्या बोटाचा रंग डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून पुन्हा विचारते, नॉर्मल कुठून आणलंस? रक्तही धुतल्या तांदळासारखं नसतं हे लक्षात ठेव. वय वाढलं की रक्तातही बदललेल्या पेशींच्या वसाहती होतात, कधी टीपी५३ च्याही. आणि २०१८ मध्ये लोकांनी मध्यमवयीन, निरोगी माणसांची अन्ननलिका तपासली तर नॉच१ या जनुकाचे बदल तिथे अन्ननलिकेच्या कॅन्सरपेक्षा जास्त निघाले! त्यामुळे नॉच१ सापडलं की ‘ड्रायव्हर, ड्रायव्हर’ (कॅन्सर घडवणारा बदल) करत नाचू नकोस.

आता तुझ्या ११ जणांचं. सगळे खोटे असतील असं मी म्हणत नाही. टीसीजीए या अमेरिकी कॅन्सर-जनुक प्रकल्पाच्या २०१५ च्या कामात डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या २७९ गाठी होत्या. एचपीव्ही हा विषाणू नसलेल्यांत सुमारे ८४ टक्क्यांत टीपी५३ बदललेलं. पण तोंडाच्या गाठींचा एक छोटा गट खरोखरच टीपी५३ शाबूत असलेला होता, एचआरएएस आणि कॅस्पेज-८ ही जनुकं बदललेला, आणि त्याची गुणसूत्रं बऱ्यापैकी शांत. कॅस्पेज-८ आणि एचआरएएस आपल्याकडच्या हिरडी-गालाच्या गाठींतही वारंवार सापडतात, कल्याणी (पश्चिम बंगाल) आणि खारघरच्या संस्थांच्या २०१३ च्या कामात ते आहेच. तेव्हा प्रत्येकाचा कॉपी नंबर, म्हणजे गुणसूत्रांचे कुठले भाग वाढले किंवा घटले ते, काढ. गुणसूत्रं शांत आणि एचआरएएस बदललेलं, तर तो पेशंट खरा असू शकतो. ३क्यू वाढलेलं, ८पी गेलेलं, ११क्यू१३ फुगलेलं (ही गुणसूत्रांच्या भागांची नावं), इतकी मोडतोड आणि तरी टीपी५३ शाबूत? मग आधी नॉर्मलवर संशय घे. आणि एचपीव्हीकडे बोट दाखवून सुटू नकोस. तो विषाणू पी५३ ला बदलाशिवाय निकामी करतो हे खरं, पण त्याचं घर टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. गालाच्या गाठीत नुसतं पी१६ हे प्रथिन उमटलं म्हणजे एचपीव्ही सिद्ध होत नाही.

मला ठाऊक आहे, मला ‘नॉर्मलवाली बाई’ म्हणतात. माझी एक विद्यार्थिनी याच हट्टापायी कंटाळून गेली. तिचं वर्ष मी तीन सॅम्पलच्या रक्तासाठी अडवलं होतं. तिचे पेपर माझ्याआधी आले, चांगले आले. मी चुकले असेन. पण त्या तिनांपैकी एकात रक्त आल्यावर निकाल उलटला, हे मी तिला कधी कळवलं नाही. आज वाटतं कळवायला हवं होतं. की तेही मला स्वतःचंच खरं करायचंय, कोण जाणे.

गाइडना मेल टाकू नकोस अजून. त्या अकरांच्या नॉर्मलच्या बॅम फाइल्स (रीड्स साठवलेल्या फाइल्स) उघडून टीपी५३ चा प्रत्येक एक्सॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेला जनुकाचा भाग, हाताने बघ, आणि त्याच तुकड्यांच्या एच अँड ई स्लाइड (सूक्ष्मदर्शकासाठी रंगवलेले काप) पॅथॉलॉजीतून काढून घे. बदल असलेले रीड्स सापडलेच, तर ते पसरलेल्या प्रजेचे की तुकड्यात घुसलेल्या गाठीच्या पेशींचे, ते तिथेच कळेल. तिथला टेक्निशियन चहाच्या वेळेला गेलास तर लवकर देतो. ब्लॉक नंबर लिहून आण. शनिवारी अकरानंतर फोन कर, मी लॅपटॉप उघडून बसते.

तुझी,
मॅडम