सोरायामांना मोठं केलं ते धातूने

तुम्ही विचारलंय की जपानी चित्रकार हाजिमे सोरायामांचं नाव मादक यंत्रमानवी बायकांच्या चित्रांमुळे झालं, मग आज तसाच विषय धरून एखाद्याला यात करिअर करता येईल का. माझं मत विचाराल तर विषयाने लोक थांबले एवढंच. चार दशकांहून जास्त काळ कामं येत राहिली ती त्यांनी रंगवलेल्या धातूमुळे.

जन्म १९४७चा, शिकोकू बेटावरच्या इमाबारीचा. आधी विद्यापीठात इंग्रजी आणि ग्रीक शिकत होते, ते सोडून टोकियोच्या चुओ आर्ट स्कूलमध्ये आले. मग जाहिरात एजन्सीत नोकरी, आणि १९७२पासून स्वतंत्र कामं. पहिला रोबो आला १९७८मध्ये, तोही ऑर्डरचं काम म्हणून. सनटोरी या जपानी दारू कंपनीच्या जाहिरातीसाठी 'स्टार वॉर्स'मधला सोनेरी यंत्रमानव हवा होता, पण त्याच्या हक्कांचे पैसे परवडणारे नव्हते. तेव्हा सोरायामांना सांगितलं गेलं, तुम्हीच एक काढा. त्या एका कामात त्यांना आयुष्यभराचा विषय सापडला. १९८३ला 'सेक्सी रोबो' हे चित्रांचं पुस्तक आलं आणि नाव जपानबाहेर गेलं.

पिनअपची, म्हणजे भिंतीवर टाचायच्या मादक पोजमधल्या बायकांच्या चित्रांची, परंपरा अमेरिकन. जॉर्ज पेटी आणि अल्बर्टो वर्गास या चित्रकारांनी एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनसारख्या हत्याराने, गुळगुळीत, मऊ कातडी रंगवली. सोरायामांनी पोज तीच ठेवली आणि कातडीच्या जागी क्रोम, म्हणजे आरशासारखा चकचकीत धातू, आणलं. इथे खरी कसोटी लागते, कारण क्रोमला स्वतःचा रंगच नसतो. त्यात दिसतं ते भोवतालचं जग. एअरब्रशवाल्यांची जुनी रीत अशी: वरून गडद निळं आकाश, खाली येता येता फिकं, जवळजवळ पांढरं, मग क्षितिजाची काळपट, धारदार रेघ, आणि तिच्याखाली जमिनीचा तपकिरी रंग. ही रेघ अंगाच्या वळणाबरोबर वळली पाहिजे. मांडीवर ती ऐसपैस पसरते, गुडघ्यापाशी आखडते, कडेला गेली की केसाएवढी बारीक होते. ती एका जागी चुकली तरी धातूचा पत्रा होतो. सोरायामांच्या रोबोचा नुसता खांदा झाकून बघा, आजूबाजूची खोली कशी असेल ते उरलेल्या अंगावरून सांगता येतं. शरीररचना पक्की असल्याशिवाय हे जमत नाही. पेन्सिल, ब्रश आणि ॲक्रिलिक ही त्यांची मूळ हत्यारं. एअरब्रशने त्यावर शेवटचा हात फिरतो.

आता पुढची कामं बघा. १९९९ला सोनीने आयबो हा यंत्रकुत्रा आणला, त्याच्या रूपाची कल्पना सोरायामांची. त्यात बाई नाही, मादकपणा नाही, आहे ते चंदेरी पिल्लू. जपानसाठी ठेवलेले ३,००० नग वीसेक मिनिटांत संपले, आणि आज आयबो न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. २००१ला एरोस्मिथ या अमेरिकन रॉक बँडच्या अल्बमवर मरिलिन मन्रोच्या उडत्या झग्याची पोज घेतलेला रोबो आला. २०१८मध्ये डिओरने टोकियोत पुरुषांच्या कपड्यांचा शो केला, तेव्हा मधोमध त्यांच्या स्त्री-रोबोची काही मजले उंच मूर्ती उभी होती, आणि कपड्यांवर त्यांचे धातूचे डायनासोर. सोनी आणि डिओर या दोघांनाही हवी होती ती त्यांची चकाकी.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. साखळदंडांत जखडलेल्या बायकांची चित्रं मला बघवत नाहीत, कारागिरी कितीही अव्वल असली तरी. नवीन माणूस नेमकी तीच उचलतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तुम्हाला यात उतरायचंच असेल तर बाई आणि रोबो दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. घरातला स्टीलचा तांब्या खिडकीत ठेवा आणि फोटो न काढता, समोर बसून रंगवा. करडा रंग पॅलेटवर घेऊ नका. निळा, तपकिरी, काळा आणि पांढरा एवढ्यावरच भागवा. खिडकीची चौकट तांब्याच्या पोटावर कशी वाकते आणि गळ्यापाशी उलटी कशी होते ते नीट उतरलं, की मग त्याच रंगांत हात काढा, मुठीपासून कोपरापर्यंत. पोजचा विचार त्यानंतर.