वाचकांचे प्रश्न: बुद्धिबळातले गाजलेले डाव पटावर मांडताना

प्रश्न: गॅरी कास्पारोव यांनी १९९९ मध्ये विक आन झी (नेदरलँड्स) येथे व्हेसेलिन टोपालोव यांच्याविरुद्ध हत्तीचे बलिदान दिले. ते संगणकाला पूर्णपणे पटत नाही म्हणतात. मग हा डाव एवढा का नावाजला जातो?

उत्तर: संगणकाचा आक्षेप बरोबर आहे, पण तो एका चालीपुरता. २४व्या चालीला कास्पारोव यांच्या पांढऱ्या हत्तीने डी४ वरचे प्यादे मारले (घराच्या नावातले अक्षर म्हणजे ए ते एच यांपैकी उभी ओळ, आकडा म्हणजे १ ते ८ यांपैकी आडवी रांग). टोपालोव यांनी तो हत्ती सी५ वरच्या प्याद्याने घेतला आणि तिथेच डाव हातचा गेला. हत्तीकडे दुर्लक्ष करून राजा ए७ वरून बी६ वर नेला असता, तर ए५ वरचा घोडा माऱ्यात सापडला असता आणि पांढऱ्याच्या हल्ल्यातली हवा निघून गेली असती.

हत्ती घेतल्यावर मात्र दुसरा हत्ती ई७ वर शह देत येतो. तो वजिराने मारून बघा: पांढरा वजीर डी४ वर शह, राजा बी८, वजीर बी६ वर शह, उंट बी७ वर आडवा, घोडा सी६ वर शह, राजा ए८, वजीर ए७, मात. म्हणजे राजाला पुढे पळण्यावाचून गत्यंतर नाही. तो बी६, ए५, ए४, ए३, बी४, सी३, डी२ असा मजल दरमजल करत थेट डी१ वर, शत्रूच्या पहिल्या रांगेत पोचतो.

आमच्या मते या डावातली खरी चाल ३६वी. १९व्या चालीला एच३ वर आलेला उंट तोवर जागचा हललेला नाही. तो आता मुकाट्याने एफ१ वर येतो आणि काळ्या वजिरावर हल्ला करतो. वजिराने उंट मारला तर पांढरा वजीर सी२ वर शह, राजा ई१, हत्ती ई७ वर शह, आणि पुढच्या चालीत मात. इतके पुढचे दिसल्याशिवाय २४व्या चालीला हत्ती सोडता येत नाही. डाव निर्दोष नाही, हेही खरे. २८व्या चालीला वजीर सी३ वर नेण्याऐवजी हत्ती लगेच ए७ वर नेणे अधिक अचूक होते.

प्रश्न: २०१३ च्या अरोनियन–आनंद डावाची तुलना रुबिनस्टाइन यांच्या १९०७ च्या डावाशी करतात. दोन्ही डावांच्या सुरुवाती तर वेगळ्या आहेत!

उत्तर: साम्य सुरुवातीत शोधू नका, शेवटच्या मांडणीत शोधा. लोड्झ (आजचे पोलंड) येथे रोटलेवी यांच्याविरुद्ध रुबिनस्टाइन यांचे दोन काळे उंट बी७ आणि बी६ वरून पांढऱ्या राजाच्या किल्ल्यावर रोखलेले होते, घोडा जी४ वर आणि वजीर एच४ वर. वजीर माऱ्यात असतानाच त्यांनी २२व्या चालीला हत्तीने सी३ वरचा घोडा मारला. पण त्याचे बीज आधी पेरले गेले होते. रोटलेवी यांचा उंट डी३, सी४, पुन्हा डी३ असा फिरला आणि वजीर डी२ वरून ई२ वर गेला. जवळजवळ सारख्या मांडणीत काळा पुढे निघून गेला तो यामुळेच.

विक आन झीच्या त्या डावात आनंद यांच्याकडेही काळी मोहरी होती. १५व्या चालीला त्यांनी उंट सी५ वर, म्हणजे डी४ च्या प्याद्यासमोर ठेवला. पांढऱ्याचा उंट मागे गेल्यावर पुढच्याच चालीत डी७ वरचा घोडा ई५ वर आणला, जिथे त्याला दोन प्यादी मारू शकतात. एफ४ च्या प्याद्याने मारला तर काय होते ते हाताने खेळून बघा. काळा वजीर डी४ वर शह, राजा एच१, वजीर जी१ वर शह. राजाला वजीर घेता येत नाही, कारण मागे सी५ चा उंट उभा आहे. हत्तीने घ्यावाच लागतो, आणि घोडा एफ२ वर मात देतो. स्वतःच्याच मोहऱ्यांत राजा गुदमरला.

शेवटची, २३वी चाल तर अभ्यासासाठी उत्तमच. पांढऱ्याचा वजीर डी३ वरून तिसऱ्या रांगेतून एच३ चे प्यादे राखत होता. आनंद यांनी उंट ई३ वर ठेवून ती वाटच अडवली. आता एच३ वर वजिराची मात आहे: जी२ चे प्यादे वजिराला मारू शकत नाही, कारण बी७ च्या उंटाने ते राजाला बांधून टाकले आहे (ते हलले की राजाला शह बसतो). अरोनियन यांनी तिथेच डाव सोडला.

प्रश्न: डाव वाचून तेवढ्यापुरता आनंद होतो, पण खेळ सुधारत नाही. कसा अभ्यास करावा?

उत्तर: चाली कागदाने झाकून. जिंकलेल्या बाजूला बसा, १२व्या चालीपर्यंत सरळ खेळा, आणि तिथून प्रत्येक चाल आधी स्वतः लिहा, सोबत प्रतिस्पर्ध्याचे अपेक्षित उत्तरही. एका चालीला चार-पाच मिनिटे पुरेत. मग कागद सरकवा. चूक झाली तर ती चाल का सुचली नाही ते एका ओळीत टिपा: शह पाहिला नव्हता, मोहरे बांधलेले आहे हे लक्षात आले नाही, वगैरे. संगणक अगदी शेवटी. तो आधी सुरू केला की नजर पटावरून उडून आकड्यावर जाते, आणि ‘पांढरा थोडा बरा’ एवढेच हाती लागते.

प्रश्न: २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या शेवटच्या डावात डिंग लिरेन यांनी हत्ती बदलायला दिला, तर एवढे काय बिघडले? मोहरी कमी झाली की बरोबरी सोपी होते ना?

उत्तर: एक प्यादे कमी असताना नेमके उलट होते. प्यादी कमी करावीत, मोहरी नव्हे. सिंगापूरच्या त्या १४व्या डावात दोघांकडे हत्ती आणि एकाच रंगाच्या घरांवरचा उंट होता, काळी मोहरी खेळणाऱ्या गुकेश यांच्याकडे एक प्यादे जास्त. हत्ती पटावर असेपर्यंत बरोबरी होती. ५५व्या चालीला डिंग यांनी हत्ती एफ२ वर ठेवला. हत्ती बदलले गेले आणि गुकेश यांनी उंट डी५ वर आणला. डिंग यांचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. कोपऱ्यातून एकच तिरकी वाट निघते आणि तिच्यावरच काळा उंट येऊन बसला, तेव्हा उंटांची अदलाबदल टळणारच नव्हती. उरली फक्त प्यादी आणि राजे, काळ्याची दोन, पांढऱ्याचे एक. ५८व्या चालीला काळा राजा ई५ वर समोर उभा राहिला आणि डिंग यांनी डाव सोडला.

प्रश्न: रेटिंग घसरले तर ग्रँडमास्टर किताब जातो का?

उत्तर: नाही, तो आजन्म असतो. रेटिंग एकदा २५०० ला पोचलेले पुरते. नॉर्म (स्पर्धेतली ग्रँडमास्टर दर्जाची कामगिरी) मात्र साधारणपणे तीन लागतात, एकूण किमान २७ डावांचे आणि प्रत्येकात २६०० ची कामगिरी. काही स्पर्धा जिंकल्या की किताब थेट मिळतो: २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकून दिव्या देशमुख अशाच ग्रँडमास्टर झाल्या.