आजीला न आवडणारा पोपटी

प्रिय सई,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मागे पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की निम्मे शब्द वाहून गेले, पण प्रश्न कळला. आत्याच्या येणाऱ्या बाळासाठी आजी तिथे लालबागला गोधडी शिवतेय. त्यात कल्याणच्या आजींनी, म्हणजे आत्याच्या सासूबाईंनी, पाठवलेली पोपटी साडी आहे, तिला राणी कलरचा पदर आहे, आणि आजी स्वतःच म्हणते, "हे दोन रंग मला मेले बघवत नाहीत." मग ती आवडीचं कापड विकत का आणत नाही? आणि तू तुझा काळा टी-शर्ट देऊ केलास, तो का घेतला नाही?

हिंदमाताचा कापडबाजार काही लांब नाही, आजीला तिथली दुकानं तोंडपाठ आहेत. पण बाळाची गोधडी नव्या कापडाची करत नाहीत. नव्या कापडाला खळ असते, ते अंगाला टोचतं. वापरून, धुऊन, वाळवून जी पार लोण्यासारखी मऊ झालीय अशी सुती साडी लागते. बऱ्याच घरांत तर बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही आणतच नाहीत. आपल्या पणजीचं नऊवारी लुगडं आजीने ट्रंकेत ठेवलं होतं ना, ते आत गेलं असणार. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. मीटरभर लांबीच्या गोधडीचे आतले सगळे थर त्या एकात निघतात. कापूस भरत नाहीत, कारण लालबागच्या चाळीत जुलै महिन्यात कापूस भरलेलं काही गॅलरीत वाळत घालून दाखव मला. थरांची गोधडी वारा लागला तरी सुकते.

म्हणजे कापड घरातून आणि नात्यातून येतं, आणि येतं त्या रंगात येतं. त्या पोपटी साडीवर कल्याणच्या आजींना बोहारणीकडून एखादा स्टीलचा डबा सहज मिळाला असता. त्यांनी ती नातवंडासाठी राखून ठेवली. ती परत पाठवणं म्हणजे आत्याच्या सासूबाईंना परत पाठवणं, आणि आपल्याकडे एवढ्यातेवढ्यावरून मानपानाचं केवढं होतं ते तू आत्याच्या लग्नात बघितलंस. साडी नायलॉनची असती तर मात्र आजीने ती गोड बोलून कपाटात ठेवली असती. बाळाच्या अंगाखाली नायलॉन ती कुणाच्याही मानासाठी घालणार नाही. जरीचे काठही ती कापून टाकते.

आता रंगांचं. तुझ्या आजीला मोतिया, पारवा, बदामी असले मऊ रंग आवडतात. पण तिचं आयुष्य दुसऱ्यांच्या रंगांत गेलं. आजोबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कितीतरी जणांच्या घरी पगार पुन्हा आलाच नाही. तेव्हा आजीने साड्यांना फॉल-बिडिंग करायला घेतलं. लोकांच्या साड्या, लोकांची आवड. मी अभ्यास करायचो त्या खोलीत दोरीवर कधी कोनफळी, कधी चिंतामणी, कधी गडद आमसुली लटकलेली असायची. तिने कुठल्या बाईला "हा रंग का घेतलात" असं विचारलेलं मला आठवत नाही. दोऱ्याची रिळं उजेडात धरून ती एवढंच बघायची की यातलं कुठलं जुळतं.

तेच कौशल्य आता गोधडीत दिसेल, नीट बघ. पोपटी आणि राणी दोन्ही सारखेच भडक, म्हणून शेजारी आले की भांडतात. आजी त्यांना शेजारी ठेवणारच नाही. मध्ये अंजिरीसारखा गडद तुकडा किंवा फिका मोतिया घालेल. शिवाय नावडता रंग ती बारीक कापते. मोठा तुकडा ठेवला की सगळी गोधडी त्याचीच होते. त्याचे त्रिकोण करून चारी बाजूंना पांगवले की तो मुकाट बसतो. तुकडे मांडून झाले की ती लांब जाऊन डोळे किलकिले करून बघते. तू चेष्टा करतेस त्याची, पण तसं बघितलं की रंगांची नावं पुसली जातात आणि फक्त गडद कुठे, फिकं कुठे एवढं दिसतं. एक कोपरा काळवंडला असेल तर लगेच कळतं. आणि शेवटी कडेपासून आत आत फिरत जाणारा पांढरा धावदोरा. ते टाके इतके जवळ असतात की भडक रंगसुद्धा थोडा निवतो.

उलटी बाजू बघितलीस का? माझी पैज आहे, तिथे तिने स्वतःची पारवा साडी लावली असेल.

आणखी एक गंमत. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचंच जरा बरं दिसतं, आणि फिक्यातले फरक त्याला कळत नाहीत. ठळक गडद-फिकं तेवढं कळतं. आजीचे मोतिया-बदामी त्याला सगळे एकच धुकं वाटले असते. पोपटी-अंजिरीची जोडी त्याच्या कामाची आहे. हे आजीला सांग, पण ती कल्याणला फोन करून बोलत असेल तेव्हा नको.

मुलासाठी निळं, मुलीसाठी गुलाबी असा हिशेबही तिथे नसतो. इथे टोरांटोत तुझ्या मैत्रिणीच्या आईला मुलगा की मुलगी ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भारतात ते सांगायला कायद्याने बंदी आहे. मुलगी आहे कळलं की काही लोक ती जन्मूच देत नव्हते, म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला आणि १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. त्यामुळे गोधडी कुणासाठीही चालेल अशीच शिवायची.

काळ्या टी-शर्टचं म्हणशील तर बारशाला, शुभकार्याला काळं नको, असं आजी मानते. मला ते फारसं पटत नाही, पण मी तिच्याशी त्यावर वाद घालत नाही आणि तूही घालू नकोस. तो टी-शर्ट मात्र जपून ठेव. संक्रांत हा एकच सण असा की काळं मुद्दाम घालतात, थंडीत ऊब राहते म्हणून. बाळाच्या पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण होईल, हलव्याचे दागिने आणि काळं झबलं. तुझ्या टी-शर्टमधून एक झबलं आरामात निघेल. आत्तापासून आजीच्या कानावर घालून ठेव.

एक काम आत्याचं. इथले डॉक्टर सांगतात की बाळ वर्षाचं होईपर्यंत ते झोपलेलं असताना पाळण्यात गोधडी, उशी असं मऊ, सैल काही ठेवू नये. तोंडावर आलं तर श्वास कोंडतो. गोधडी जागेपणी जमिनीवर अंथरायला, मांडीवर घ्यायला. आजीला मी सांगितलं तर "तू काय असाच वाढलास का" म्हणेल, म्हणून तू आत्याला सांग.

आणि राणी कलरचा पदर शिवायच्या आधी तपासायला लाव. पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासायचा. रुमाल गुलाबी झाला तर तो पदर आणखी धुवायचा, नाहीतर पहिल्याच धुण्यात मोतिया तुकडे गुलाबी होतील आणि मग आजीचं तोंड बघवणार नाही. सुया ओवून देताना दोरा हातभरच घे, लांब घेतलास की गुंततो.

तुझा,
बाबा