वैडूर्य : लसण्या की बेरिल?

प्रश्न : ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या सराफाकडे 'वैडूर्य' मागितलं, तर त्यांनी लसण्या पुढे केला. एका पुस्तकात मात्र वैडूर्य म्हणजे बेरिल, पाचूच्या जातीचा खडा, असं वाचलं होतं. बरोबर कोण?

दोघंही. सराफ आजचा अर्थ सांगतोय, पुस्तक जुना.

नवरत्नांत केतूचं रत्न वैडूर्य, आणि बाजारात त्या नावाला लसण्याच मिळतो. लसण्या म्हणजे मांजराच्या डोळ्यासारखी (कॅट्स आय) चमकती रेघ दाखवणारा क्रायसोबेरिल. नावात बेरिल असलं तरी खनिज वेगळं : बेरिलियम आणि ॲल्युमिनियम दोन्हींत असतं, पण बेरिलमध्ये सिलिकाही असते, क्रायसोबेरिलमध्ये नसते.

जुना अर्थ शब्दातच दिसतो. वैडूर्याचं प्राकृत रूप 'वेरुलिय', त्यावरून ग्रीक 'बेरिल्लोस', त्यावरून बेरिल. मालही इथूनच जायचा. तामिळनाडूत कोइमतूरच्या बाजूला पडियूरला बेरिलच्या जुन्या खाणी आहेत, आणि बेरिल भारतातून येतात, इतरत्र क्वचितच सापडतात, असं रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकातच लिहिलंय. फारसी 'बिल्लौर' (स्फटिक) याच कुळातला, त्यामुळे आपला बिलोरी आरसाही वैडूर्याचा दूरचा नातलग. १७९८ साली बेरिलमध्ये सापडलेल्या धातूचं नाव बेरिलियम, तेही इथलंच!

शुद्ध बेरिल बिनरंगी असतो, तो गोशेनाइट. क्रोमियम किंवा व्हॅनेडियम शिरलं की पाचू. (पन्ना म्हणजे पाचूच. ती दोन रत्नं नव्हेत.) लोहामुळे निळसर ॲक्वामरीन किंवा पिवळा हेलिओडोर, मँगनीजमुळे गुलाबी मॉर्गनाइट. नुसत्या लोहामुळे फिकट हिरवा झालेला खडा मात्र 'हिरवा बेरिल'. पाचूचा भाव त्याला देऊ नये.

बाजारातला निळा ॲक्वामरीन बहुतेकदा तापवलेला असतो. साधारण ४०० ते ४५० अंश सेल्सिअसला हिरवट झाक जाते आणि आलेला निळा टिकतो, म्हणून त्यात काही वावगं मानत नाहीत. मॅक्सिक्से हा गडद निळा बेरिल मात्र उजेडात फिका पडतो.

बेरिलचं काठिण्य १ ते १०च्या मोस मापावर ७.५ ते ८, म्हणजे सहजी चरे पडत नाहीत. तरी पाचू जपावा लागतो, कारण त्यात बारीक भेगा असतात आणि त्या तेलानं किंवा राळेनं भरलेल्या असतात. अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वाफेवर धुतला की भरलेलं निघून जातं, भेगा उघड्या पडतात आणि गिऱ्हाईकाला वाटतं खडा तडकला. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, बस.

आता ओळख. सुटा खडा आधी हवेत तोला, मग पाण्यात बुडवून तोला. हवेतल्या वजनाला झालेल्या घटीनं भागलं की घनता मिळते. ५ कॅरटचा क्रायसोबेरिल पाण्यात सुमारे १.३५ कॅरट हलका भरतो (घनता ३.७), तेवढाच बेरिल सुमारे १.८४ (२.७२). ५ कॅरटचा 'लसण्या' १.८९च्या आसपास घटला तर तो बहुधा क्वार्ट्झ (गारेच्या जातीचं खनिज), आणि त्याची किंमत फारच कमी. बेरिल आणि क्वार्ट्झ यांच्यात मात्र घरच्या काट्यावर निवाडा होत नाही. तिथे अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना उजेड किती वाकतो याचं माप, पाहावा लागतो : बेरिलचा १.५७ ते १.५९, क्वार्ट्झचा १.५४ ते १.५५.

थोडक्यात, दुकानात नुसतं 'वैडूर्य' म्हणू नका. लसण्या हवा तर 'क्रायसोबेरिल कॅट्स आय', नाहीतर ॲक्वामरीन, पाचू असं जातीचं नाव पावतीवर घाला, आणि वजन रत्तीऐवजी कॅरटमध्ये मागा. रत्ती दुकानागणिक बदलते.