चार माणसांचा मसालेभात चोवीस जणांसाठी करताना

सगळंच सरसकट सहापट करू नकोस गं. आधी तुझ्या वाटीत तांदूळ किती ग्रॅम मावतात ते काट्यावर बघ. माझी वाटी १५० मिलीची, तिच्यात साधारण १२५ ग्रॅम बसतात. चार जणांना दोन वाट्या तांदूळ, तर चोवीस जणांना बारा; म्हणजे बारा वाट्यांचे दीड किलो. ही वाटी मग शेवटपर्यंत बदलायची नाही. आणि वाटीभर कणीक वाटीभर साखरेपेक्षा बरीच हलकी भरते, म्हणून पुस्तकातले ग्रॅम वाटीने मोजू नकोस.

तांदूळ, भाज्या सहापट. तेल, हिंग, लवंगा, तिखट मात्र आधी चौपटच घे, चव बघून वाढव. मीठही दोनदा घाल.

खरी गफलत पाण्यात होते. दोन वाट्यांना चार वाट्या पाणी लागतं म्हणून बाराला चोवीस ओतलंस तर भात गिच्च होईल, कारण मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते. एकवीस वाट्या आधणाचं पाणी घाल, बाकीचं शेजारच्या शेगडीवर उकळतं ठेव. शीत बोटांत दाबून बघ. मध्ये कणी लागली तर कडेकडेने वाटीभर सोड, झाकण ठेव आणि पातेल्याखाली तवा सरकव. उलथनं तळापासून एकदाच, हलक्या हाताने फिरव.